शंका घ्यावी ती नारळीकरांसारखी

‘शास्त्रज्ञांचं काय घेऊन बसलात? काल दोनशे कोटी म्हणत होते, आज तेराशे ऐंशी कोटी म्हणतात, उद्या आणखी काही म्हणतील.’ विश्वाच्या वयाचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी बोलतोच. २०२३ साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातील राजेंद्र गुप्ता यांनी विश्वाचे वय २६.७ अब्ज वर्षे असू शकते, असा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी या वाक्याला नवे बळ दिले. बोलणाऱ्याच्या सुरात बाजी मारल्याचा आनंद असतो. ज्यांना एक आकडा धड सांभाळता येत नाही, त्यांनी आम्हाला विश्वाची उत्पत्ती शिकवू नये, असा एकूण रोख.

या बोलण्यातली माहिती खरी आहे आणि निष्कर्ष खोटा. आकडा बदलला, अनेकदा बदलला. पण तो कोणी बदलला आणि कशाच्या जोरावर, हे विचारायला लागले की चित्र पालटते. विश्वाला वय आहे असे सांगणाऱ्या महास्फोट (बिग बँग) सिद्धांतावर शंका घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, असे मी मानतो. मात्र या अधिकाराला एक अट चिकटलेली आहे. शंका घेणाऱ्याने आपण कोणत्या पुराव्यापुढे हार मानू, हे आधी सांगायला हवे. ही अट पाळून साठ वर्षे शंका घेत राहिलेला माणूस कोल्हापुरात जन्मला आणि पुण्यात वारला, हे आपण मराठी लोक सोयीस्करपणे विसरतो.

आधी आकड्यांचा इतिहास पाहू. १९२९ साली एडविन हबल यांनी दाखवले की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जाते. दर दहा लाख पार्सेकला, म्हणजे सुमारे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ५०० किलोमीटर असा या वेगवाढीचा दर त्यांच्या मोजणीतून निघाला. हे प्रसरण उलटे चालवत मागे गेले, तर सगळे एकत्र असण्याचा काळ १९६ कोटी वर्षांमागे येतो. अडचण अशी की किरणोत्सारावरून खडकांचे वय काढणाऱ्या भूवैज्ञानिकांचे आकडे याच्या पुढे निघाले होते. १९४६ साली आर्थर होम्स पृथ्वीचे वय ३०० कोटींच्या आसपास सांगत होते. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून ते ४५५ कोटींवर नेले आणि तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. लेक आईपेक्षा वयाने मोठी, असा हा प्रकार होता.

ही विसंगती कोणी झाकून ठेवली नाही. उलट तिच्यातूनच महास्फोटाला सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. १९४८ साली केंब्रिजमध्ये हर्मन बाँडी, टॉमी गोल्ड आणि फ्रेड हॉएल यांनी स्थिरस्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्य होते; मात्र पसरणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने विश्वाचे सरासरी रूप कायम राहते, त्याला आरंभ नाही आणि म्हणून वयही नाही, असा त्यांचा दावा होता.

हबल यांच्या आकड्यातली चूक मात्र वेगळ्याच ठिकाणी निघाली. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या धास्तीने लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले होते. माउंट विल्सनच्या काळोख्या आकाशाचा फायदा घेऊन वॉल्टर बाडे यांनी देवयानी दीर्घिकेतले तारे सुटे करून पाहिले. अंतरे मोजायला ज्या सेफीड ताऱ्यांचा आधार घेतला जात होता ते दोन जातींचे आहेत आणि हबल यांनी एकीची मोजपट्टी दुसरीला लावली आहे, हे यातून पुढे उलगडले. १९५२ साली बाडे यांनी तसे जाहीर केले तेव्हा दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली, आणि विश्वाचे वयही. १९५८ साली अ‍ॅलन सँडेज यांनी दाखवले की हबल यांनी तेजस्वी तारे म्हणून मोजलेल्या काही वस्तू प्रत्यक्षात चकाकणारे वायूचे ढग होते. दर ७५ पर्यंत उतरला. पुढे वीस-पंचवीस वर्षे ५० की १०० असा दुपटीच्या तफावतीचा वाद रंगला. आजचा वाद ६७ की ७३ असा आहे. आकडा बदलत गेला खरा, पण तो वाटेल तिकडे भरकटला नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी मोजपट्टी तपासली, दोष दाखवला आणि चुकीची कक्षा आवळत गेली. बदलाची ही दिशा ‘उद्या आणखी काही म्हणतील’ या वाक्यात कुठेच येत नाही.

आता शंकेखोरांकडे, म्हणजे कोल्हापुरात जन्मलेल्या त्या माणसाकडे येऊ. जयंत नारळीकर केंब्रिजला हॉएल यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, तेव्हाच १९६१ साली मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणतीवरून स्थिरस्थिती सिद्धांत निकालात निघाल्याचे जाहीर केले. क्षीण, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त आढळत होते. म्हणजे पूर्वीचे विश्व आजच्यापेक्षा वेगळे होते, असा राईल यांचा युक्तिवाद. वार्ताहर हॉएल यांच्या दारात उभे राहिले. गुरुशिष्यांनी राईल यांच्या हेतूवर चिखलफेक केली नाही. त्यांनी हिशेब मांडला. दीर्घिकांचे समूह आपण समजतो त्याहून फार मोठ्या प्रमाणावर गोळा झालेले असतील, तर अशी गणती स्थिर विश्वातही मिळू शकते, असे त्यांनी दाखवले. एवढे प्रचंड समूह तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते. पुढे ते सापडले. वाद मात्र राईल यांच्या बाजूने झुकला, कारण नंतरच्या अधिक काटेकोर गणतींतही दूरच्या स्रोतांची भरती कायम राहिली.

खरा दणका १९६५ साली बसला. न्यू जर्सीतल्या होमडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनाला सर्व दिशांनी सारखाच येणारा मायक्रोवेव्ह लहरींचा मंद गुंजारव ऐकू आला. विश्व एके काळी तप्त आणि घनदाट असेल तर त्याची थंडावलेली ऊब आज निरपेक्ष शून्याच्या वर चार-पाच अंशांवर उरलेली असावी, असे राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ सालीच गणित करून सांगितले होते. हा गुंजारव म्हणजे तीच ऊब, आजचे पार्श्वभूमी प्रारण. १९९० साली कोबे उपग्रहाने या प्रारणाचा वर्णपट मोजला. तो २.७ केल्विनच्या आदर्श कृष्णवस्तूशी इतका तंतोतंत जुळला की प्रत्यक्ष मोजणी आणि सैद्धांतिक रेघ आलेखात वेगळी दाखवता येईना. हेलियमचेही तसेच. विश्वातल्या सामान्य द्रव्यात वस्तुमानाने सुमारे चौथा भाग हेलियम आहे आणि एवढा हेलियम ताऱ्यांच्या भट्टीत तयार होणे शक्य नाही, हे १९६४ साली रॉजर टेलर यांच्याबरोबर दाखवणारा शास्त्रज्ञ होता खुद्द फ्रेड हॉएल. स्वतःच्या सिद्धांताला अडचणीत आणणारा हिशेब त्याने दडवला नाही.

नारळीकर यानंतरही महास्फोटाचे झाले नाहीत. १९९३ साली हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी स्थिरस्थिती सिद्धांताची सुधारित मांडणी केली. त्यात विश्व दीर्घ काळ वाढत जाते आणि त्या वाढीवर सुमारे ५० अब्ज वर्षांची आंदोलने असतात, द्रव्य एका क्षणी न जन्मता लहान लहान निर्मितिकेंद्रांत जन्मते, आणि मायक्रोवेव्ह प्रारण म्हणजे लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा सोडलेला जुन्या ताऱ्यांचा प्रकाश असतो. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी हे स्वीकारले नाही. प्रारणातल्या तापमानाच्या सूक्ष्म चढउतारांचा जो नकाशा पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या यानांनी काढला, त्याचे तपशील महास्फोटाच्या चौकटीत सहज बसतात, या मांडणीत ते ओढूनताणून बसवावे लागतात. माझ्या मते नारळीकर या वादात हरले.

पण ते हरू शकले, यातच त्यांच्या शंकेचे मोल आहे. त्यांनी आपल्या मांडणीची कसोटी स्वतः लिहून ठेवली होती. आधीच्या आवर्तनातले अतिवृद्ध तारे सापडले पाहिजेत, लोखंडी सुयांच्या धुळीचा परिणाम दिसला पाहिजे, अतिदूरच्या काही क्षीण दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याऐवजी निळ्या बाजूला सरकलेला आढळला पाहिजे. शोधा, नाही सापडले तर माझे चुकले, असा हा सौदा होता. आणि अशी शंका हरली तरी काही मागे ठेवून जाते. आरंभी तप्त स्फोट झाला नसेल तर मग कार्बन, ऑक्सिजन, लोखंड कुठून आले, या प्रश्नाने हॉएल यांना ताऱ्यांच्या पोटाकडे वळवले. १९५७ साली बर्बिज दांपत्य आणि विल्यम फाउलर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध आज मूलद्रव्यांच्या जन्माचा पाया मानला जातो. १९९८ साली विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत असल्याचे सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून दिसले, तेव्हा सगळे चकित झाले. वेग घेणारे प्रसरण हे स्थिरस्थिती सिद्धांताचे पहिल्यापासूनचे भाकीत होते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. ही संस्था त्यांना आपल्या मताचा मठ करता आली असती. प्रत्यक्षात तिथे थानू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप ही प्रचलित विश्वशास्त्रात काम करणारी मंडळी नावारूपाला आली. प्रसरणाला वेग देणारी मानली जाणारी कृष्णऊर्जा आणि पार्श्वभूमी प्रारण हेच त्यांचे विषय होते, म्हणजे संचालकांना न पटणाऱ्या सिद्धांताचे काळीज. महाराष्ट्रात संस्था आणि संप्रदाय यांत फरक करणारी माणसे फार नाहीत, म्हणून हे नोंदवले पाहिजे.

तर मग महास्फोट सिद्ध झाला, विषय संपला, असे म्हणावे का? मुळीच नाही. या सिद्धांताच्या समर्थकांनीही काही गोष्टी मोकळेपणाने कबूल करायला हव्यात. १३.८ अब्ज वर्षे हे वय एका तप्त, दाट अवस्थेपासून मोजलेले आहे. त्या अवस्थेच्या आधी काय होते किंवा ‘आधी’ या प्रश्नाला अर्थ तरी आहे का, हे सापेक्षता सिद्धांताला सांगता येत नाही, कारण शून्य क्षणी त्याची समीकरणेच मोडून पडतात. म्हणजे उत्पत्तीची कथा अजून लिहिलेलीच नाही. लिहिली गेली आहे ती वाढीची. शाळेच्या पुस्तकांत या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग मुलांना वाटते की एका पोकळीत एक बॉम्ब फुटला. दुसरी गोष्ट, आजच्या हिशेबाप्रमाणे विश्वात आपल्या ओळखीचे द्रव्य जेमतेम ५ टक्के आहे. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा, असा बाकीचा ताळेबंद. कृष्णद्रव्याचा एकही कण कुठल्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे पकडला गेलेला नाही. हिशेब जुळेना तेव्हा न दिसणारी वस्तू घालून जुळवला, हा नारळीकरांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

या आक्षेपाला इतिहासाने दोन्ही बाजूंची साक्ष दिली आहे. युरेनसची चाल बिघडलेली दिसली तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी न दिसणारा ग्रह गृहीत धरला आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही गडबड होती, म्हणून १८५९ साली त्यांनी आणखी एक ग्रह सुचवला आणि त्याला व्हल्कन असे नावही पडले. तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला आणि बुधाचे कोडे सुटले. कृष्णद्रव्य नेपच्यून ठरेल की व्हल्कन, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. दीर्घिकांचे फिरणे, दूरच्या प्रकाशाचे वाकणे, पार्श्वभूमी प्रारणातले चढउतार असे एकमेकांशी संबंध नसलेले पुरावे त्याच्याकडे बोट दाखवतात, म्हणून माझा कल नेपच्यूनकडे आहे. कल आणि निकाल या वेगळ्या गोष्टी आहेत.

याच कसोटीवर गुप्तांचे २६.७ अब्ज तपासता येतात. जेम्स वेब दुर्बिणीला फार दूरवर, म्हणजे फार पूर्वीच्या काळात, अपेक्षेपेक्षा भरदार दीर्घिका दिसल्या. एवढ्या कमी वेळात त्या कशा वाढल्या, या खऱ्या प्रश्नातून त्यांची मांडणी निघाली. ती प्रसरण नाकारत नाही. वाटेत प्रकाश थकतो आणि तांबडा होतो, ही फ्रिट्झ झ्विकी यांची १९२९ सालची कल्पना ते त्यात मिसळतात. नुसता प्रकाश थकत असेल तर दूरच्या सुपरनोव्हाचे उजळणे-मावळणे जवळच्याइतक्याच दिवसांत उरकायला हवे. ते संथ झालेले दिसते, आणि नेमके प्रसरणाच्या प्रमाणात. शिवाय विश्व खरोखर सव्वीस अब्ज वर्षांचे असेल तर वीस अब्ज वर्षांचा एखादा तारा का सापडू नये? ताऱ्यांचे ज्वलन, श्वेतबटूंचे निवणे, जुन्या ताऱ्यांतल्या युरेनियमचा ऱ्हास, ही सगळी घड्याळे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि मोजणीतल्या चुकीची मुभा धरली तर सगळी तेरा अब्जांच्या आसपास येऊन थांबतात. गुप्तांना याचे उत्तर द्यावे लागेल. त्यांना कोणी गप्प केले नाही. ज्या नियतकालिकात प्रचलित मताचे निबंध छापले जातात, त्याच तोलाच्या नियतकालिकात त्यांचाही छापला गेला.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे वळू, कारण ते सहसा एकटे येत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरे येते: ‘आमच्या ऋषींनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय.’ पुरावा म्हणून कल्पाचा आकडा दिला जातो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी. जुळले की नाही?

जरा थांबा. घरच्या पूजेत गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा कल्प, मन्वंतर, युग अशी कालगणनेची उतरंड सांगतात, ती आपण सध्या कुठे आहोत हे सांगण्यासाठी. या गणनेनुसार चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे झाली आहेत. सृष्टी घडायला लागलेला काळ वगळणारे ती १९६ कोटींच्या आत-बाहेर धरतात. म्हणजे परंपरेच्या स्वतःच्या हिशेबाने सृष्टीचे वय ना ४३२ कोटी आहे, ना ४५४, ना १३८०. ४३२ मध्ये तर अजून न उगवलेला काळही धरला आहे. गंमत पुढेच आहे. हबल यांच्या १९२९ सालच्या मोजणीतून निघणारे वय १९६ कोटीच होते! त्या वेळी कोणी पंचांग हाती घेऊन उठला असता, तर आजच्यापेक्षा कितीतरी सरस मेळ त्याला दाखवता आला असता. १९५२ साली बाडे यांनी तो मेळ मोडला असता आणि दावा करणाऱ्याने शांतपणे दुसरा आकडा पुढे केला असता. जे कुठल्याही आकड्याशी जुळवता येते, त्याचे कशाशीही जुळणे निरर्थक असते. कल्पगणनेचा भव्यपणा मी नाकारत नाही. चार-सहा हजार वर्षांत सृष्टी आटोपणाऱ्या कल्पनांच्या तुलनेत ती झेप फार मोठी आहे. पण ती मोजणी नाही. तिला चुकीची कक्षा नाही आणि तिच्याविरुद्ध जाऊ शकेल असे निरीक्षणही नाही.

इथे नारळीकरांचेच दुसरे उदाहरण लागू पडते. फलज्योतिषाबद्दल त्यांनी नुसती टीका केली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला ४० कुंडल्या देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी ५० टक्के निघाली असती. महास्फोटाला विचारलेला प्रश्न आणि ज्योतिषाला विचारलेला प्रश्न एकच होता: चुकलात तर कळेल कसे? बलाढ्य वैज्ञानिक मताला एक न्याय आणि घरच्या श्रद्धेला दुसरा, असा दुजाभाव त्यांनी केला नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. महास्फोटाबाबत चिकित्सक असणारा गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या वेळी मंगळाबाबत फार भाबडा होतो.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो खरा आहे. विज्ञानाच्या संस्था काही निर्मळ नाहीत. ताम्रसृती (प्रकाशाचे तांबड्या बाजूला सरकणे) आणि अंतर यांचा संबंध नेहमीच जुळत नाही, असे दाखले गोळा करणाऱ्या हॉल्टन आर्प यांना १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुर्बिणींवर वेळ मिळेनासा झाला आणि ते जर्मनीला निघून गेले. २००४ साली अनेक शास्त्रज्ञांनी एक जाहीर पत्र काढून विश्वशास्त्रातले जवळजवळ सगळे पैसे आणि साधने महास्फोटाच्या वाट्याला जातात, अशी तक्रार केली. त्यावर नारळीकरांची सही होती. तक्रार रास्त होती. पण तिची मागणी काय होती ते पाहा. वेगळ्या मतालाही दुर्बीण द्या, निधी द्या, त्यालाही तपासू द्या. मोजणे थांबवा, असे त्या पत्रात कुठे म्हटलेले नाही. बंडखोरांना अधिक निरीक्षणे हवी होती, आणि ‘शास्त्रज्ञांचं काय घेऊन बसलात’ म्हणणाऱ्याला एकही नको असते. दोघांना एकाच रांगेत बसवणे हा आर्प आणि नारळीकर यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून कोणी महास्फोट खोटा आहे असे म्हणाला, तर त्याला हसू नये आणि धर्मविरोधी-विज्ञानविरोधी असल्या शिक्क्यांनी गप्पही करू नये. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. पार्श्वभूमी प्रारणाचे तुमचे स्पष्टीकरण काय? हेलियम कुठून आला? आणि काय सापडले तर तुम्ही आपले मत सोडाल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नारळीकरांनाही पुरती जमली नाहीत. तिसऱ्याचे उत्तर त्यांच्याकडे कायम तयार होते आणि म्हणून २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे मत न मानणाऱ्या जगभरच्या विश्वशास्त्रज्ञांनी त्यांना आपला माणूस म्हणून निरोप दिला. १३.८ अब्जांचा आकडा उद्या बदललाच, तर तो बदलण्याचे श्रेय ज्याने पुन्हा मोजले त्याला जाईल. ‘मी म्हणालोच होतो’ म्हणणाऱ्याचा त्यात काडीचाही वाटा नसेल, कारण तो नेमके काय म्हणाला होता, हे त्याने कधी सांगितलेलेच नसते.